खांदा फाटलाय की आखडलाय? ऑपरेशन आणि व्यायाम यांच्यातल्या एका जुन्या वादाचा इतिहास

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न असतो : संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा? ‘रिसर्च गॅप’ची व्याख्या पाठ करून तो सापडत नाही. एखाद्या प्रश्नाचा इतिहास नीट वाचला, कोणी काय मोजलं आणि कोणाला मोजणीतून बाहेर ठेवलं हे पाहिलं, की गॅप आपोआप दिसायला लागते. आज उदाहरण घेऊ खांद्याचं. विषय वैद्यकीय आहे, पण डॉक्टर नसलेल्यांनीही शेवटपर्यंत वाचावा. पद्धतीचे मुद्दे सगळ्यांच्याच कामाचे आहेत.

सुरुवात घाटनांदूरपासून करू. अंबाजोगाई तालुक्यातलं हे गाव, निजामाच्या काळात झालेल्या विकाराबाद–परळी लोहमार्गावरचं स्टेशन. या सगळ्या पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे एक दिवस काम चुकलं तर ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात.

आता समजा, अशा कामातल्या पन्नाशीच्या एका बाईचा खांदा दुखायला लागला. हंगाम संपेपर्यंत तिने अंगावर काढलं. चार-पाच महिन्यांनी दवाखान्यात गेली तेव्हा हात खांद्याच्या वर जात नव्हता, वेणी घालता येत नव्हती, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. एमआरआय केला तर ‘शीर फाटली आहे’ असा रिपोर्ट आला. वर शुगरही निघाली. म्हणजे खांदा फाटलेलाही आहे आणि आखडलेलाही. ऑपरेशन करायचं की व्यायाम? की आधी व्यायाम आणि मग ऑपरेशन?

ही बाई काल्पनिक आहे, प्रश्न मात्र खरा आहे. आणि त्याचं सरळ उत्तर का मिळत नाही, हे कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी थोडं शरीरशास्त्र

खांद्याचा गोळा मोठा आणि खोबण उथळ. त्यामुळे हा सांधा शरीरातला सगळ्यात मोकळा, आणि तितकाच अस्थिर. त्या गोळ्याला चार स्नायूंच्या कंडरा कफसारख्या वेढून धरतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. बोलीभाषेत आपण ‘शीर तुटली’ म्हणतो ती म्हणजे बहुतेक वेळा यातली वरची कंडरा. तिच्या आत सांध्याची पिशवी असते. ही पिशवी सुजून जाड झाली, आवळली, की खांदा आखडतो. कंडरा फाटणं आणि पिशवी आवळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हींत दुखतं आणि दोन्हींत हात वर जात नाही. इतिहासातला बराचसा घोळ इथूनच सुरू होतो.

फरक ओळखायची साधी खूण आहे. रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर वर जातो, तेव्हा संशय कंडरेचा. दुसऱ्याने उचलला तरी अडतो, तेव्हा पिशवीचा. दोन्ही एकत्र असलं, की तपासणाऱ्याची कसोटी लागते.

नावं आधी आली, कारणं नंतर

हात न उचलला जाणं आपल्याकडे फार जुन्या काळापासून नोंदलेलं आहे. सुश्रुतसंहितेत ‘अवबाहुक’ नावाचा वातविकार येतो. खांद्यातला वात तिथली बंधनं सुकवतो आणि शिरा आखडवतो, असं त्याचं वर्णन. म्हणजे आखडणं त्यांनी पाहिलं होतं. पण आत काही फाटलंय का, हे जिवंत रुग्णात कळायला मार्ग नव्हता.

युरोपात फाटलेल्या कंडरा आधी दिसल्या त्या मृतदेहांत. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रोने १७८८ मध्ये त्याचं चित्र दिलं. १८३४ मध्ये लंडनच्या जे. जी. स्मिथने विच्छेदनात सापडलेल्या फाटलेल्या कंडरांचं वर्णन छापलं. उलट दिशेने, १८७२ मध्ये पॅरिसच्या दुप्लेने जिवंत रुग्णांमधल्या दुखऱ्या, ताठर खांद्याला सांध्याभोवतीची सूज असं नाव दिलं. पुढे कितीतरी वर्षं खांद्याचं कोणतंही दुखणं त्या एकाच नावाच्या पोत्यात भरलं गेलं.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. विच्छेदन करणाऱ्यांना फाटणं दिसत होतं, दवाखान्यात बसणाऱ्यांना आखडणं दिसत होतं. साधन वेगळं म्हणून दिसणारा रोगही वेगळा. तुमच्या विषयातल्या दोन परंपरा एकमेकींशी बोलत नसतील, तर आधी त्यांची साधनं तपासा.

कॉडमन : ऑपरेशनही त्याचं, व्यायामही त्याचा

या दोन परंपरा ज्याच्या टेबलावर एकत्र आल्या तो बोस्टनचा सर्जन अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन (१८६९–१९४०). फाटलेली कंडरा शिवण्याचं पहिलं ऑपरेशन त्याने १९०९ मध्ये केलं आणि १९११ मध्ये त्यावर लिहिलं. ‘फ्रोझन शोल्डर’ हा शब्दही त्याचाच, १९३४ च्या त्याच्या खांद्यावरच्या ग्रंथातला. कमरेत वाकून हात लंबकासारखा सैल झुलवण्याचा जो व्यायाम आज कोणताही फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवशी शिकवतो, तोही कॉडमनच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे ‘ऑपरेशन विरुद्ध व्यायाम’ या वादाच्या दोन्ही बाजूंचा मूळपुरुष एकच आहे!

पण संशोधकाच्या दृष्टीने कॉडमनचं खरं महत्त्व तिसऱ्याच गोष्टीत आहे. त्याचा आग्रह साधा होता : प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा दवाखान्याने निदान वर्षभर करावा, निकाल वाईट असेल तर कारण शोधावं, आणि ते जाहीर करावं. याला तो ‘एंड रिझल्ट’ची कल्पना म्हणायचा. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढत्या कामगिरीवर नव्हे तर ज्येष्ठतेवर मिळत होत्या. म्हणून १९१४ मध्ये त्याने तिथला राजीनामा दिला. स्वतःचं छोटं हॉस्पिटल त्याने आधीच काढलं होतं. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत त्याने १२३ चुका नोंदवल्या आणि छापून प्रसिद्ध केल्या.

जानेवारी १९१५ मध्ये एका वैद्यकीय सभेत त्याने मोठं व्यंगचित्र टांगलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी देतोय आणि डॉक्टर मंडळी ती गोळा करतायत. निकाल न मोजता फी घेणाऱ्या शहरातल्या बड्या डॉक्टरांवर तो टोला होता. परिणाम व्हायचा तोच झाला. सभेचं अध्यक्षपद गेलं, हार्वर्डमधली शिकवण्याची जागा गेली. आज ज्याला आपण ‘आउटकम रिसर्च’ म्हणतो त्याची सुरुवात सांगताना हाच माणूस आठवला जातो.

कॉडमनकडे पाठपुरावा होता, तुलना नव्हती. ऑपरेशननंतर रुग्ण बरा झाला हे त्याला सांगता येत होतं. ऑपरेशन नसतं केलं तर काय झालं असतं, हे सांगता येत नव्हतं. पुढची पन्नास-साठ वर्षं सगळे सर्जन याच जागी उभे होते.

हाड तासण्याची दशकं

१९४५ मध्ये ज्युलियस नेव्हियासरने आखडलेल्या खांद्याची पिशवी उघडून पाहिली आणि दोष तिच्यात आहे हे दाखवलं. म्हणजे आखडण्याला स्वतःचं घर मिळालं. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअरने दुसरी कल्पना मांडली : खांद्याच्या वरचं हाड कंडरेवर घासतं, म्हणून ती झिजते आणि फाटते. उपाय काय, तर हाड खालून तासा. कल्पना पटण्यासारखी होती, चित्र काढून दाखवता येत होती. पुढे दुर्बिणीतून ऑपरेशन सोपं झालं आणि हाड तासण्याच्या शस्त्रक्रिया जगभर भराभर वाढल्या.

तिची खरी परीक्षा व्हायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांतल्या ३१३ रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका गटाचं हाड तासलं, दुसऱ्या गटात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, तिसऱ्यावर काहीच उपचार नाही. हाड तासणं आणि नुसती दुर्बीण घालणं यांच्या निकालात फरक आढळला नाही. त्याच वर्षी फिनलंडच्या २१० रुग्णांच्या अभ्यासातही नुसत्या दुर्बिणीशी तुलना करताना हाड तासण्याचा अर्थपूर्ण फायदा दिसला नाही. लक्षात घ्या, हे कंडरा न फाटलेले रुग्ण होते. त्यामुळे ‘खांद्याची ऑपरेशनं फुकट आहेत’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. निघतो तो एवढाच, की पटण्यासारखं कारण आणि सिद्ध झालेलं कारण यांत अंतर असतं.

दुसरा धागा : मुंबई, हाजी अली, अंबाजोगाई

व्यायामाचा इतिहास आपल्याकडे पोलिओच्या वाटेने आला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली, आणि १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. म्हणजे भारतातल्या फिजिओथेरपीचा पाया शहरात, मोठ्या संस्थेत, दीर्घकाळ येत राहणाऱ्या रुग्णांवर घातला गेला.

मराठवाड्यात १९७० च्या दशकात अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे. खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढायचं, ही त्या काळात नवी कल्पना होती. घाटनांदूरच्या माणसाला मोठा दवाखाना तालुक्यालाच मिळाला. पण ऑपरेशनसाठी एकदा जायचं असतं आणि व्यायामासाठी पुन्हा पुन्हा. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, बारा आठवडे. मजुरी बुडवून हे जमवणं ही उपचाराचीच अट होऊन बसते. सरकारी आरोग्य विमा योजनाही मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती बांधलेल्या आहेत. त्यामुळे ‘स्वस्त’ समजला जाणारा व्यायाम रुग्णाला महाग पडू शकतो.

याला आणखी एक बाजू आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. त्या विषयाचा खांद्याशी थेट संबंध नाही. पण ‘ऑपरेशन खरंच लागतं का?’ हा प्रश्न या जिल्ह्यात पुस्तकी नाही, हे त्यावरून कळतं.

फाटलेलं दिसतं, म्हणून तेच दुखतंय का?

सोनोग्राफी आणि एमआरआय आले आणि मृतदेहांत दिसणारं फाटणं जिवंत माणसांत दिसायला लागलं. जपानमधल्या एका गावात ६८३ लोकांचे दोन्ही खांदे तपासले. २०१० मध्ये छापलेल्या त्या पाहणीत सुमारे २०.७ टक्के खांद्यांत कंडरा पूर्ण फाटलेली निघाली. त्यांत काहीच त्रास नसलेले लोकही होते. दुसऱ्या एका जपानी गावातल्या ६६४ लोकांच्या पाहणीत तर फाटलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांना त्रास नव्हता.

आपल्या त्या बाईच्या रिपोर्टकडे आता परत पाहा. शीर फाटलेली आहे हे खरं. पण ती या वर्षी फाटली की दहा वर्षांपूर्वी? दुखणं फाटण्याचं की आखडण्याचं? रिपोर्ट ते सांगत नाही.

उलट बाजूही तितकीच चकवणारी आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या लीसा गॅलट्झ आणि सहकाऱ्यांनी मोठ्या फाटलेल्या कंडरा दुर्बिणीतून शिवलेले १८ रुग्ण नंतर सोनोग्राफीने तपासले. १७ जणांची शिवण पुन्हा उसवलेली होती. तरीही वर्षभरानंतर बहुतेकांचं दुखणं कमी होतं आणि हात चालत होता. मग बरं कशाने वाटलं? शिवणीने, विश्रांतीने, की ऑपरेशननंतरच्या व्यायामाने?

समोरासमोर तुलना

शेवटी चिठ्ठ्या टाकून गट पाडणारे अभ्यास झाले. तीन लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

फिनलंडच्या कुक्कोनेन यांचा, २०१४ चा. ५५ वर्षांवरचे रुग्ण, इजा न होता फाटलेली कंडरा, १८० खांदे. एका गटाला फक्त व्यायाम, दुसऱ्याला हाड तासणं आणि व्यायाम, तिसऱ्याला शिवणं, हाड तासणं आणि व्यायाम. वर्षाने शंभरपैकी गुण अनुक्रमे ७४.१, ७७.२ आणि ७७.९. फरक नगण्य.

नॉर्वेच्या मूसमायर यांचा, १०३ रुग्णांचा. २०१० मध्ये पहिले निकाल शिवण्याच्या बाजूने होते. पाच वर्षांनी फरक थोडा उरला, दहा वर्षांनी मात्र तो पुन्हा वाढलेला दिसला. न शिवलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांत पाच वर्षांत फाटणं पाच मिलिमीटरहून जास्त वाढलं होतं.

तिसरा अमेरिकेतला, चिठ्ठ्या न टाकता ४५२ रुग्णांना ठरावीक व्यायाम देऊन केलेला पाठपुरावा. दोन वर्षांत चौथ्या हिश्श्याहून कमी लोकांनी ऑपरेशन करून घेतलं. कोण करून घेईल याचा सगळ्यात चांगला अंदाज फाटण्याच्या आकारावरून आला नाही. तो आला ‘व्यायामाने बरं होईल असं तुम्हाला वाटतं का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून.

पहिल्या अभ्यासाच्या तिन्ही गटांत व्यायाम आहे, हे लक्षात आलं का? म्हणजे ‘ऑपरेशन विरुद्ध पुनर्वसन’ ही मांडणीच थोडी फसवी आहे. खरी तुलना ‘व्यायाम’ आणि ‘ऑपरेशन अधिक व्यायाम’ यांची आहे. ऑपरेशन केलं तरी चार-सहा आठवडे हात झोळीत आणि पुढचे काही महिने जड उचलणं बंद. व्यायामापासून सुटका कोणालाच नाही.

मग आखडलेले कुठे गेले?

आता प्रवेशाच्या अटी वाचू. फिनलंडच्या अभ्यासात यायला खांद्याची हालचाल पूर्ण हवी होती. नॉर्वेत दुसऱ्याने उचलल्यावर हात निदान १४० अंशांपर्यंत जायला हवा होता. म्हणजे आखडलेला खांदा दारातच अडवला.

फ्रोझन शोल्डरच्या बाजूला जाऊ. ब्रिटनमधला ५०३ रुग्णांचा मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. भूल देऊन सांधा मोकळा करणं, दुर्बिणीतून पिशवी सोडवणं, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी या तिन्हींत स्पष्टपणे वरचढ असं कोणीच ठरलं नाही. पण दवाखान्यात जावं लागण्याइतकी इजा होऊन ज्यांचा खांदा आखडला होता ते त्यात नव्हते.

अशा अटी घालणं चूक नाही. गट एकजिनसी असला की उत्तर स्वच्छ मिळतं. पण दोन स्वच्छ उत्तरांच्या मध्ये फाटलेला आणि आखडलेला असा दोन्ही त्रास असलेला रुग्ण पडून राहतो. त्याच्यासाठी सर्जन लोकांनी दोन वाटा पाडल्या. जुनी वाट : आधी काही महिने व्यायामाने खांदा मोकळा करा, मग शिवा, नाहीतर तो आणखी आखडेल. नवी वाट : एकाच भुलीत पिशवी सोडवा आणि कंडराही शिवा. २००८ मध्ये कोरियातल्या सर्जनांनी दाखवलं, की मध्यम आखडलेल्या रुग्णांत असं एकत्र केलं तर निकाल न आखडलेल्यांच्या बरोबरीने येतात.

२०१० मध्ये पार्सन्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने आणखी एक कोडं टाकलं. ऑपरेशननंतर सावकाश व्यायाम दिलेल्या ४३ रुग्णांपैकी १० जण सहा-आठ आठवड्यांनी आखडलेले होते. वर्षाने त्यांची हालचाल इतरांइतकीच झाली. आणि शिवण टिकली ती त्यांच्यात ७० टक्के, बाकीच्यांत ३६ टक्के. कदाचित आखडलेला खांदा शिवणीला आपोआप विश्रांती देत असेल. पण १० रुग्णांचे ७० टक्के म्हणजे ७ माणसं. हा फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर टिकला नाही. टक्केवारी दिसली की आधी माणसं मोजा, ही सवय आत्ताच लावून घ्या.

प्रश्न मांडायचा कसा?

समजा, तुम्हाला घाटनांदूरच्या त्या बाईसाठी अभ्यास आखायचा आहे. काय बघाल?

पहिलं, मोजायचं काय. खांद्याच्या संशोधनात १९८७ पासून वापरात असलेल्या कॉन्स्टंट मोजमापात १०० पैकी दुखण्याला १५, रोजच्या कामांना २०, हालचालीला ४० आणि ताकदीला २५ गुण आहेत. आखडलेल्या माणसाचे सगळ्यात जास्त गुण हालचालीत जातात. आणि आखडणं पुष्कळदा काळानुसार सैल होतं. मग वर्षाने गुण वाढले तर ते उपचाराचं यश की निव्वळ काळाचं? तुलनेचा गट नसेल तर हे कळणार नाही. शिवाय मोळी उचलून गाडीत चढवता येते का, हा त्या बाईचा खरा निकष, आणि त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा लागेल.

दुसरं, कधी मोजायचं. पाठपुरावा वर्षाचा ठेवला आणि बाई सहाव्या महिन्यात टोळीबरोबर निघून गेली, तर ती ‘गळती’ म्हणून नोंदली जाईल. ज्यांचा खांदा बरा झाला त्या कामावर गेल्या आणि ज्यांचा नाही झाला त्या घरी सापडल्या, तर निकाल उलटाच दिसेल. ऊसतोडीचं वेळापत्रक हा इथे संशोधन पद्धतीचाच भाग आहे.

तिसरं, कोणाला बाहेर ठेवायचं. शुगर असलेले, उशिरा आलेले, आखडलेले असे सगळे वगळले तर अभ्यास सुबक होईल, पण घाटनांदूरच्या कामाचा राहणार नाही.

आज डॉक्टर अशा रुग्णाला साधारण काय सांगतात? इजा न होता हळूहळू फाटलेली कंडरा आणि आखडलेला खांदा असेल तर आधी दुखणं आवरा, शुगर ताब्यात आणा, काही आठवडे नेमाने व्यायाम करा, मग पुन्हा तपासा. पडल्यावर अचानक हाताची ताकद गेली असेल तर मात्र थांबू नका, लवकर दाखवा. निर्णय अर्थातच तपासणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा.

आणि तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. आपापल्या विषयातले सगळ्यात जास्त संदर्भ दिले जाणारे तीन अभ्यास घ्या. निष्कर्ष आधी वाचू नका. ‘कोणाला वगळलं’ एवढाच परिच्छेद तिन्हींतून काढून एका कागदावर लिहा. तिन्ही याद्यांत जो माणूस, जे गाव किंवा जो कागद पुन्हा पुन्हा वगळलेला दिसेल, त्याच्यावर बोट ठेवून गाइडकडे जा. चर्चा तिथून सुरू करता येईल.